भोंग्यानंतरचा आकडा

(खमरिया, कारखान्याच्या क्वार्टरची गच्ची. संध्याकाळ. बाबाराव आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली त्यांची नात प्रणोती.)

प्रणोती : ...नको आबाजी, वटवाघळांचं आता नको. रोज संध्याकाळी आकडा धाडकन पडतो. आज दिल्लीचे साहेब रिछाईच्या ऑफिसात बसून तोच पाहून राहिले. पडला तर ट्रायल बंद, मी अन् माझ्यासोबत काम करणारा स्वप्निल दोघंही घरी.

बाबाराव : पण ते वटवाघूळ साधं नव्हतं. रेडिओची बातमी गिळली होती त्यानं. आठवडाभर पोटातून हवामान सांगत होतं.

प्रणोती : आबाजी.

बाबाराव : अच्छा, चलो. हा आकडा आहे तरी कशाचा?

प्रणोती : पंगत समजा. एकच वाढपी एका टोकाला उभा राहून ओरडतो, तो टॉवर. शेवटच्या पानाला ना आवाज, ना भात. आम्ही लाइनीतल्या घराघरावर छोटे अँटेना बसवले. पानापानामागं वाढपी, अन् सारे एकमेकांकडे बघून वाढतात. हवेतली लहरींची पट्टी तेवढीच. तेवढ्यात किती डेटा पोचला, तो आकडा. पुढचं मोबाइल नेटवर्क असंच चालणार म्हणतात.

बाबाराव : अन् संध्याकाळी वाढपी पळतात.

प्रणोती : सारेच. कारखान्याचा भोंगा झाला की. केबल बदलली, अँटेनाचे डबे बदलले. सकाळी पुन्हा सब ठीक. मी ऑफिसात स्क्रीनसमोर नुसती बसून राहते.

बाबाराव : भोंगा झाला की?

प्रणोती : हो. काहून?

बाबाराव : काही नाही. त्या डब्यावर गंज पालथा घातला तर त्याला चालते का?

प्रणोती : कोणता गंज?

बाबाराव : जर्मनचा. आंघोळीच्या पाण्याचा.

प्रणोती : तुम्ही अँटेनावर अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं झाकता? रोज?

बाबाराव : सकाळी काढतो ना. भोंगा झाला की मशीन पुसायची, झाकायची, मग सायकलला हात. जन्मभर तेच केलं. एकानं उघडी टाकली, तर सकाळी तिच्यात बिबट्याची पिल्लं.

प्रणोती : पण एक झाकला तर बाकीचे सांभाळून घेतात. सारे कसे पडतात?

बाबाराव : शेजारच्या शालिग्रामला मीच सांगितलं. समोरच्या सत्यवतीबाईलाही. त्यांनी पुढं सांगितलं.

प्रणोती : काय सांगितलं?

बाबाराव : की उघडं राहून खराब झालं, तर आपल्या पोरीची नोकरी जाईल.

प्रणोती : ...भोंगा होईलच आता. सांगा त्यांना. फोन करा, ओरडा, काहीही करा.

बाबाराव : (फोनवर) शालिग्राम, आज झाकू नको. हो, उघडंच. दिल्लीचा हुकूम आहे. पुढच्यांनाही सांग.

प्रणोती : काय म्हणतात?

बाबाराव : उघडं ठेवून जेवण कसं जाईल म्हणतो. पण सांगून राहिला. ते बघ, सत्यवतीबाई पातेलं घेऊन आल्या होत्या, परत चालल्या.

प्रणोती : झाला भोंगा.

बाबाराव : ऐकला. आकडा?

प्रणोती : आहे. अजून तरी आहे. तुम्ही काहून उठले?

बाबाराव : मी नाही उठलो, पाय उठले. तू इकडं ये पोरी, अन् माझे हात धरून ठेव जरा.