काठावरची कळशी

(सांडोर, १९७८. शाळा सुटल्यानंतरचा आठवीचा रिकामा वर्ग.)

मास्तर : ...बातमी कोणी दिली आणि तिने कोणाला झाकले, हे विचारल्याशिवाय छापलेले खरे मानू नये, एवढेच मी शिकवले. ‘पोहण्याच्या मस्तीत विद्यार्थी बावखलात बुडाला’ हे वाक्य मुलांनी स्वतः पकडले, प्लासिडभाऊ. रुडॉल्फ म्हणाला, वॉल्टरला तर पोहताच येत नव्हते.

प्लासिड : घरीपण आला होता तो, माझ्या बायकोला, लूर्डसला विचारायला. मी अंगणातूनच परत पाठवला. आमचा वॉल्टरही तसाच, मास्तर. मी बाजारातलं काही बोललो, की घास थांबवून विचारायचा, “बाबा, हे तुम्हांला कोणी सांगितलं?”

मास्तर : म्हणूनच वर्गाने खुलासा लिहिला आहे. उद्या वर्तमानपत्राकडे जाईल.

प्लासिड : नका पाठवू.

मास्तर : त्याच्या माथी उनाडपणा मारला गेला आहे. गेलेल्या मुलाची बाजू आपण मांडू नये, तर कोणी मांडावी?

प्लासिड : त्याच्या आईची कळशी बावखलाच्या तळ्यात तरंगत गेली होती. ती काढायला सांगून लूर्डस चुलीकडे गेली. मी वाडीतून आलो, पाण्यात उतरलो, तेव्हा कळशीचा गळा त्याच्या मुठीत होता. एकेक बोट सोडवावं लागलं.

मास्तर : मग ही मस्ती...

प्लासिड : कळशी मी काठावर ठेवली. मग लूर्डसला हाक मारली. म्हटलं, तुझं काम करून मग त्याने उडी मारली. पेपरवाल्यालाही तेच सांगितलं.

मास्तर : पोहता येत नाही, हे आईला ठाऊक नव्हते?

प्लासिड : सांगितलं, मीच शिकवत होतो, तुझ्या चोरून. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही ती. पण जेवते. त्याच कळशीने पाणी भरते.

मास्तर : करुणेपोटी असले, तरी ते असत्यच आहे, प्लासिडभाऊ.

प्लासिड : असेल. पोर तर गेलं. हिला तरी राहू दे.

मास्तर : ...हा घ्या खुलासा. तुमच्याकडेच ठेवा. पण उद्या मुले विचारतील. त्यांनी पक्षपात ओळखला आहे; ‘तुम्ही चुकलात’ असे मला त्यांना म्हणता येणार नाही.

प्लासिड : चुकले नाहीतच. एवढंच सांगा त्यांना, बातमी त्याच्या बापाने दिली होती.