उदाहरणाची जागा

वडील : थांब. ते वाक्य पुन्हा वाच.

मुलगी : कुठलं, बाबा?

वडील : आत्ता घाईघाईने गिळलंस ते.

मुलगी : "मेनी बर्ड्स कॅनॉट फ्लाय. फॉर इन्स्टन्स, द ऑस्ट्रिच…"

वडील : फॉर इन्स्टन्स! हा पाहुणा माझ्या व्याकरणाच्या पुस्तकात केव्हा शिरला?

मुलगी : अर्थ एकच ना? याच प्रकरणात तुम्ही म्हटलंय, दोन्ही चालतात.

वडील : चालतात. पण माझ्या तोंडी ते कधी बसलं नाही. फॉर एक्झाम्पल म्हटलं की अख्खा वर्ग मान वर करतो. फॉर इन्स्टन्स म्हणजे कुणीतरी खांद्यावर हात ठेवून आपल्याला हळूच बाजूला न्यावं, तसं. मी वर्गाला कधी बाजूला नेलं नाही.

मुलगी : बदलते मग. त्यात काय एवढं?

वडील : आणि पुढच्या वाक्यात वाचलंस ते 'सच अ‍ॅज'? ते अगदी जागेवर आहे, नामाचा हात धरून उभं. म्हणजे लिहिणाऱ्याला इंग्रजी येतं. म्हणूनच मला संशय येतो.

मुलगी : कसला संशय?

वडील : माझे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. प्रकाशकाने ही नवी आवृत्ती माझ्या त्या पट्टशिष्याकडे सोपवली, हो ना? वर नाव माझं, आत हात त्याचा. आणि तू मला ते माझंच म्हणून वाचून दाखवतेस.

मुलगी : अहो, त्यांना यातलं काहीच माहीत नाही!

वडील : मग परवा दार लोटून फोनवर कुणाशी कुजबुजत होतीस?

मुलगी : डॉक्टरांशी.

वडील : का? तुला काय झालंय?

मुलगी : मला काही नाही. चहा घ्या, गार होतोय.

वडील : होऊ दे. मी सांगतो ते तू आधी मोबाइलवर रेकॉर्ड करतेस, मग लिहून काढतेस. लाव ते. माझा आवाज मला ऐकव.

मुलगी : ते पुसलं गेलं.

वडील : खोटं बोलताना तुझा आवाज एक पायरी खाली उतरतो. लहानपणापासून.

मुलगी : बाबा, हट्ट नका करू ना.

वडील : त्यात एक जरी वाक्य परक्याचं असेल, तर मला हे पुस्तक छापायचं नाही. आत्ताच कळवतो प्रकाशकाला. दे तो फोन.

मुलगी : …ऐका मग.

(ती रेकॉर्डिंग लावते. वडिलांचा ठाम आवाज : "मेनी बर्ड्स कॅनॉट फ्लाय. फॉर एक्झाम्पल…" मग नुसती पंख्याची घरघर. बराच वेळ.)

वडील : पुढे?

मुलगी : पुढे एवढंच आहे.

वडील : यंत्र बंद पडलं असेल.

मुलगी : पंखा ऐकू येतोय, बाबा.

वडील : दुसरं लाव.

मुलगी : सगळीकडे तेच आहे. नियम तुम्ही घडाघडा सांगता, शब्दही इकडचा तिकडे होत नाही. उदाहरणापाशी आलात की थांबता.

वडील : म्हणजे ते शहामृग…

मुलगी : माझं. सगळीच उदाहरणं माझी. ऑफिसात आम्ही फॉर इन्स्टन्सच लिहितो, सवयीने हातून गेलं.

वडील : तुला मला विचारता आलं असतं.

मुलगी : विचारलं होतं. दोनदा. तुम्ही म्हणालात, "दिलं की आत्ताच."

वडील : हं. आणि मी त्या वेळी करत काय होतो?

मुलगी : खिडकीकडे तोंड करून बसला होतात. कुणी येणार असल्यासारखे.

वडील : डॉक्टर काय म्हणाले?

मुलगी : घेऊन या म्हणाले.

वडील : जाऊ. पण पट्टशिष्याच्या कानावर जाता कामा नये.

मुलगी : नाही जाणार.

वडील : आणि पुन्हा असा थांबलो, तर गप्प बसून राहू नकोस. हाक मार मला.

मुलगी : तुम्ही ओ दिली नाहीत तर?

वडील : तर तुझं वाक्य घाल.