विलायती पन्नास

माणूस खोटं बोलेल पण आकडा खोटं बोलणार नाही, असं आमचे शेठ नेहमी सांगायचे, आणि सांगताना हात असा छातीवर ठेवायचे. शेठचा साड्यांचा धंदा. त्यांची साडी साडेपाच मीटरची म्हणून विकली जायची आणि घरी नेऊन मोजली की वीतभर कमी भरायची. पण मोठ्या माणसाचं वाक्य, त्याला मान हलवावी लागते. आमच्या यांनी वर्षानुवर्षं हलवली. हे त्यांचे ड्रायव्हर होते.

आम्ही मूळचे खानदेशातले, पारोळ्याच्या बाजूचे. लग्न झालं तेव्हा हे सुरतेला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या खात्यात होते, मी मागून आले, गोडादऱ्यात एक खोली, खोलीत आम्ही आणि दिराचं बिऱ्हाड, मधे साडीचा पडदा. लूमवर दिवसभर एवढा खडखडाट की हे घरी आले तरी ओरडूनच बोलायचे, मला वाटायचं रागावलेत. मग कान दुखायला लागले तेव्हा ते काम सोडलं आणि ट्रकवर क्लीनर झाले, क्लीनरचे ड्रायव्हर झाले. त्यांच्या उस्तादाने त्यांना सांगितलं होतं, वेगाचा काटा वाचायचा नसतो, नजर रस्त्यावर ठेवायची आणि काटा डोळ्याच्या कोपऱ्यात ठेवायचा, तो कुठे झुकलाय तेवढं कळलं की पुरे. हे चौथी शिकलेले, आकडे येतात, इंग्रजी अक्षरं येत नाहीत, पण काट्याला अक्षर लागत नाही. काय सांगू तुम्हाला, घरातल्या घड्याळाकडेसुद्धा ते तसेच बघायचे, तिरके.

ट्रकवरून शेठकडे आले ते शेठच्या आईमुळे. त्यांना सगळे बा म्हणायचे. बांना गाडीच्या वेगाची फार भीती, आधीचा ड्रायव्हर पोरगेला होता, बा त्याच्या गाडीत डोळे मिटून देवाचं नाव घेत बसायच्या. यांच्या गाडीत बसल्या आणि झोप लागली, म्हणून हाच ठेवा म्हणाल्या. शेठने एकच नियम घातला, बा गाडीत असतील तेव्हा पन्नासच्या वर जायचं नाही. तेव्हा गाडी जुनी होती, गोल मीटर, पांढरा काटा. बांना आकडे वाचता येत नव्हते, मग पन्नास झालं की नाही ते कसं कळणार. एकदा दिवाळीला मी पाया पडायला गेले तर बा माझ्या कपाळाकडे बघत म्हणाल्या, तारी पासे बीजी टीकी छे? माझ्याकडे दुसरी टिकली आहे का विचारत होत्या. त्या विधवा, त्यांच्या घरात त्यांच्या वाट्याची टिकली नव्हती. मी पाकीट दिलं. त्यांनी यांच्याकडून ती लाल टिकली मीटरच्या काचेवर बरोबर पन्नासपाशी लावून घेतली. मग पुढच्या सीटवर बसून बघत राहायच्या, काटा टिकलीच्या अलीकडे असला की खुशाल पेंगायच्या, टिकलीला शिवला की म्हणायच्या, पाटील, धीमे. आम्हा खानदेशच्या लोकांना तिथे सरसकट पाटीलच म्हणतात, आमच्याकडे पाटीलकी कुठली.

मग शेठचे धाकटे भाऊ विलायतेहून आले, कायमचे आलो म्हणाले, आणि येताना बोटीतून आपली गाडी घेऊन आले. लहानशीच गाडी, चार माणसं कशीबशी बसतील. पण तिच्यात काटा नव्हता. काळी काच, किल्ली फिरवली की तिच्यावर हिरवे आकडे उगवायचे. शेठने महाराज बोलावून पूजा केली, त्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, पाहुण्यांना एकेक करून आत बसवलं, दरवाजे लावून एसी सुरू केला, आणि उभ्या गाडीत शून्य दाखवलं. लोकांनी शून्य बघितलं आणि पेढा घेऊन गेले. शेठ म्हणाले, काटा हलतो, थरथरतो, दोन आकड्यांच्या मधे उभा राहतो, हा आकडा बघा, एकदम चोख. आंकडो खोटुं न बोले. त्या गाडीत एक बाईपण बोलायची, म्हणजे आवाज, दरवाजा उघडा राहिला की इंग्रजीत सांगायची. बा तिला उत्तर द्यायच्या, हा बेन, बंध करुं छुं.

विलायतवाल्या भावांनी दोन-चार दिवस यांना बाजूला बसवून गाडी शिकवली. नंतर त्यांच्या बायकोला इथले डास सोसेनात, पाणी सोसेना, सासूही फारशी सोसेना, तर ते कायमचे आलेले लोक उन्हाळ्याच्या आत परत गेले. गाडी राहिली. पंचाईत बांची झाली. टिकली लावायची कुठे, आकडा तर एकाच जागी बसून बदलतो. मग त्या विचारायच्या, भाई, केटला थया? हे सांगायचे, चाळीस, बा. पंचेचाळीस, बा. पचास, बा. बा म्हणायच्या, तो चाले. आधी त्या स्वतः बघत होत्या, आता यांच्या शब्दावर बसत होत्या, आणि बसत होत्या हो, बिनघोर.

त्याच वर्षी प्लेग आला. तुम्हाला आठवत असेल, अख्खी सुरत पळाली. शेठचं कुटुंब भावनगरकडे गेलं, गाडी बंगल्यात झाकून ठेवली. आम्ही गावी गेलो तर गावाने आम्हाला वेशीबाहेर ठेवलं, सासऱ्यांनी खळ्यात झोपवलं आणि भाकरी लांबून ठेवली, म्हणाले, तुम्ही सुरतना शेतस, आठेच ऱ्हावा, म्हणजे इथेच राहा. पोटचा पोरगा, त्याला सुरतचा म्हणाले.

परत आलो तेव्हा गाडीची बॅटरी पार उतरलेली. मेकॅनिकने नवी घातली. काच उजळली, सगळे आकडे आले, त्यातलं घड्याळ मात्र बारावर येऊन बसलं होतं, शेठच्या लगेच लक्षात आलं, ते लावून घेतलं. बाकी सगळं ठीक दिसत होतं.

आणि त्यानंतर आमचे हे घरी येऊन कुरकुरायला लागले. म्हणाले, त्या गाडीचं पन्नास आता जास्त पळतं. मी साड्यांना लेस लावत बसले होते, मी म्हटलं, पन्नास म्हणजे पन्नास, त्यात जास्त काय आणि कमी काय. शहरात तर काही वाटायचं नाही, रिंग रोडवर आकडा वीसच्या वर जाईल तर शपथ. पण बा महिन्यातून एकदा बारडोलीला लेकीकडे जायच्या, त्या रस्त्याला यांना वाटायचं झाडं फार भराभर मागे पडताहेत. शेठला सांगितलं. शेठ हसले, चार पाहुणे बसले होते त्यांनाही सांगितलं, आमचा पाटील महिनाभर बैलगाडीत बसून आलाय. मग यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, अरे, हे विलायती पन्नास आहे, अंगवळणी पडायला वेळ लागतो. सगळे हसले. हेही हसले. मग बंगल्यात ते चालूच झालं, भाजीत तिखट जास्त झालं तरी म्हणायचे, विलायती आहे.

हिवाळा होता, उसाचे दिवस. बारडोलीहून परत येताना, दिवस नुकता मावळलेला, चलथाणच्या साखर कारखान्याकडे ऊस घेऊन जाणारी एक ट्रॉली रस्त्यातच बंद पडून उभी होती. मागे दिवा नाही, फांदी नाही, काही नाही, ऊस मागे लांब बाहेर आलेला. यांनी बघितलं, ब्रेक दाबला. पन्नासला जेवढ्यात गाडी थांबते तेवढ्यात थांबायला पाहिजे होती. थांबली नाही. ऊस बांच्या बाजूने आत आला.

यांचा हात मोडला, छातीला मार बसला. बा दवाखान्यात तीन दिवस होत्या, आणि शुद्धीवर होत्या. मी दाराशी उभी होते तेव्हा त्या शेठला म्हणाल्या, पाटीलनो वांक नथी. में पूछ्युं हतुं, पचास ज हता. त्याची चूक नाही, मी विचारलं होतं, पन्नासच होते. शेठ बोलले ते बा गेल्यावर, यांच्याशी. म्हणाले, बांना आकडे कुठे येत होते, तू जे सांगितलंस ते त्यांनी मला सांगितलं. गाडी बघ जाऊन. पन्नासवर गाडीचं असं होतं का? आणि खरंच होत नाही हो, मी बघितली ती गाडी, पोलीस चौकीच्या आवारात होती, पुढचा भाग उरलाच नव्हता. जो बघायचा तो म्हणायचा, शंभर असेल. ट्रकच्या अपघातात यांनी बघितलं होतं, काटा आदळतो तिथेच कधी कधी अडकून बसतो, मेलेला माणूस बोट दाखवतो तसा. इथे काच नुसती काळी. हे एवढंच म्हणत होते, माले पन्नासच दिसनं. रात्रंदिवस तेच. शेठच्या घरात, पोलिसांत, आमच्या चाळीत, एकालाही ते खरं वाटलं नाही. खरं सांगू, मलाही वाटलं नाही.

बाराव्याला विलायतवाले भाऊ आले. हे हात गळ्यात बांधून बंगल्याच्या ओट्यावर एका कडेला बसले होते, आत जायची हिंमत नव्हती. भाऊ स्वतः बाहेर आले, शेजारी बसले, रागात नव्हते, हळू विचारलं, पाटील, किती होता? हे म्हणाले, पन्नास, साहेब. भाऊ म्हणाले, पन्नास काय?

यांना प्रश्नच समजला नाही. एवढ्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. ज्या घरात तीन पिढ्या कापड विकतात, जिथे गिऱ्हाईक पन्नास म्हणालं की पोरंसुद्धा विचारतात वार की मीटर, त्या घरात एकाच्याही तोंडून ते निघालं नव्हतं. भाऊंनी विचारलं, मधे बॅटरी काढली होती का? काढली होती. मग ते कपाळ धरून बसले. त्यांच्याकडे रस्ता मैलात मोजतात. ती गाडी जन्माची मैलवाली, इथे आल्यावर त्यांनी आत कुठलंसं बटण दाबून तिला किलोमीटर करायला लावलं होतं, आणि ते सांगायचं राहिलं. बॅटरी गेली तशी ती आपल्या मूळ बोलीवर गेली. तिकडच्या काट्याच्या गाडीत मोठे आकडे मैलांचे आणि आत बारीक आकडे किलोमीटरचे, दोन्ही असतात, काटा दोन्ही दाखवतो. हिच्यात एकच आकडा. चोख. ती गाडीतली बाई दाराचं सांगायची, हे काही बोलली नाही. पन्नास मैल म्हणजे आपले ऐंशी.

हे घरी आले, भिंतीला टेकून बसले. मी विचारलं, काय व्हयनं? म्हणाले, मी खोटं बोलनू नई. आणि लगेच म्हणाले, बासले मीच मारं. दोन्ही एका दमात. मी पाणी दिलं. दुसरं काय देणार.

केस उभी राहिली. वकील म्हणाला, पन्नासलाच धरून राहा, पन्नास चांगलं आहे, ट्रॉलीला दिवा नव्हता, सुटशील. मैलाचं तोंडातून काढलंस तर ऐंशी होतील आणि आत जाशील. शेठनेही निरोप धाडला की झालं ते झालं, बटणाची गोष्ट बाहेर गेली तर लोक म्हणतील पोरांनीच आई मारली. भाऊ तर पुन्हा विलायतेला गेलेही होते. मी यांच्याशी भांडले. दोन पोरी, एक लग्नाची, बाप तुरुंगात, कोण करेल? हे मला म्हणाले, बांना मी पन्नास सांगितलं आणि त्या झोपल्या. ते कसलं पन्नास होतं ते कुठेतरी लिहिलं गेलं पाहिजे. मी म्हटलं, लिहून बा परत येणार का? ते गप्प. त्यांच्या गप्प बसण्याला मी ओळखते, ते कबूल करणं नसतं.

तारखांवर तारखा पडल्या. लायसन्स जमा होतं, म्हणून हे बमरोलीला एका मिलच्या फाटकावर बसायला लागले, आजही तिथेच आहेत, गाड्यांना फाटक उघडतात, बंद करतात. थोरलीचं लग्न त्यातच उरकलं, व्याह्यांना केसचं सांगितलं, मैलाचं नाही. निकाल गेल्या महिन्यात लागला. त्या दिवशी यांनी धुतलेला शर्ट घातला, देवापुढे उभे राहिले, मी पिशवी भरली, दोन कपडे, टॉवेल, छातीची औषधं, घोंगडी. पोरगी रडत होती, तिला शेजारी बसवून आलो.

कोर्टात जजसाहेबांनी विचारलं, काही सांगायचं आहे का? आमचा वकील खाली बघायला लागला. हे हात जोडून म्हणाले, साहेब, पन्नास होता, पण मैल. साहेबांनी कागद चाळले, म्हणाले, तपासणी करणाऱ्याने तर लिहिलंय, मीटर बंद. बंद मीटरवर तुम्ही आकडा कसा बघितला? हे म्हणाले, तेव्हा चालू होतं, काच नंतर काळी झाली. साहेब म्हणाले, बरं, काटा कुठे होता? हे म्हणाले, काटा नव्हता साहेब, त्या गाडीला काटाच नव्हता. मागे कुणीतरी हसलं. साहेबांनी लिहिणाऱ्याला सांगितलं, वेग सिद्ध होत नाही, सोडून द्या ते. मैल कुठेच लिहिलं गेलं नाही. उभी ट्रॉली वेळेत दिसली नाही, एवढ्याबद्दल दोषी धरलं, दंड केला, आणि वय, आजार, पोरी बघून शिक्षा दिली ती कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायची.

हे बाकावर बसले, मांडीवर हात ठेवून, ताठ, डोळे मिटून. मला वाटतं त्यांना ती शिक्षा लांब हवी होती. मी मागे पिशवी घेऊन बसले. त्या दिवशी कुणी एक म्हातारे वकील वारले होते, त्यांच्यासाठी सगळे दोन मिनिटं उभे राहिले, हेही उभे राहिले, आणि त्या दिवसाचं कामकाज बंद ठेवून कोर्ट दुपारच्या आतच उठलं. जेवायच्या वेळेला आम्ही घरी होतो.