बैलाच्या पावतीवर घेतलेली मोटार

— वाचतो, ऐका बाबू. 'विषय : सदोष मालमोटार विकून फसवणूक केल्याबद्दल छोटेलाल यांच्याविरुद्धच्या दाव्यात साक्षीदारास समन्स मिळण्याबाबत. अर्जदार उदाराम, निवृत्त कारकून, गोंदिया.' — काय? साक्षीदाराचं नाव? खाली आहे ना — नाही, खाली जागा आहे. नावही सांगतो, घाई काऊन करून राहिले? कोर्टात घाई मी पहिल्यांदाच पाहतो.

तर हा छोटेलाल. लढाईतल्या जुन्या मोटारी लिलावात घ्यायच्या, हिरवा रंग खरवडून निळा द्यायचा अन् विकायच्या, हा त्याचा धंदा. 'बाबूजी, मशीन नहीं, मक्खन है!' मी म्हटलं, पावती मी लिहीन. काऊन? अहो, लोकल बोर्डाच्या बैलबाजाराचं रजिस्टर सव्वीस वर्षं माझ्या हाती होतं — मला कोण शिकवणार! लिहिलं, 'माल पाहून, टायर तपासून, चालवून, खोड नसल्याची खातरी करून घेतला, पुढे तक्रार चालणार नाही.' बैलाचा मसुदा तो, जसाच्या तसा. 'दात' खोडून 'टायर' केलं, एवढीच माझी अक्कल. छोटेलालनं वाकून नमस्कार केला — मला वाटलं, मला केला.

राजधानी नागपूरहून मुंबईला गेली, पण माझी मोटार तिरोड्यापुढं गेली नाही. तिथं तिनं पाणी ओकलं. तिथल्या मिस्त्रीनं इंजिनावरचा रंग खरवडला, तर खाली वीतभर तडा — वरून पितळेची पट्टी ठोकून, घासून, रंगवून टाकलेला. वकील म्हणतात, पावती राहू द्या. दोष मुद्दाम लपवला असेल तर 'पाहून घेतला' म्हणून विकणारा सुटत नाही, सौदा मोडता येतो. म्हणजे कायदा माझ्या बाजूनं. फक्त पट्टी ठोकताना पाहणारा माणूस पाहिजे.

आहे ना! पट्टी पाहिली अन् ओळखलं मी — बारीक खिळे, सगळे सारख्या अंतरावर. आमच्या घरचा हंडा अस्साच सांधलेला आहे. असं काम करणारा एकच — शालीकराम. कोण म्हणजे? माझा धाकटा भाऊ. छोटेलालकडे मिस्त्री आहे. मोटार त्याच्याचसाठी घेत होतो, बाबू — दुसऱ्याच्या गॅरेजात कायले राबतो, स्वतःची चालव म्हटलं. सौद्याच्या सकाळी विचारलंही होतं, 'मशीन कशी आहे रे?' पाना पुसत म्हणाला, 'बरी हाये, दादा.' छोटेलालनं त्याला गॅरेजात हिस्सा कबूल केला होता, हे मला मागून कळलं. अजून सणाला येतो, पाया पडतो. मीही 'बस' म्हणतो. दोघंही पट्टीचं नाव काढत नाही.

खरं बोलला, तर दावा मी जिंकतो अन् छोटेलालबरोबर हाही फसवणुकीत बसतो. खोटं बोलला, तर पुन्हा माझ्या तोंडावर, अन् यावेळी शपथेवर —

नाही, नाव लिहायला तुमचा टाक नको. माझ्याजवळ आहे. तुम्ही शेरा मारा : साक्षीदाराचे नाव नमूद नाही, सबब अर्ज प्रलंबित. मारला? बरं. पुढच्याला बोलवा.