हा रिपोर्ट माझा नाही

प्रति,
पोलीस उपनिरीक्षक साहेब यांस,

सर्वप्रथम क्षमा मागते. जबाब साक्षीदाराने सांगायचा आणि पोलिसांनी लिहून घ्यायचा असतो, हे मला ठाऊक आहे. सांगण्याचे काम सोडून मी थेट लिहायला बसले, हा आगाऊपणा झाला. परंतु आज दुपारी आपल्यासमोर उभी राहिले असता माझ्या तोंडून "साहेब, ते" याच्या पुढे काही निघाले नाही. तेव्हा दाराशी बसलेल्या हवालदारबाई म्हणाल्या, "बाळ, बोलता येत नसेल तर लिहिता येतं ना? घरी जा, नीट लिही, ठाण्याच्या पत्त्यावर ईमेल कर. साहेब वाचतात." त्यांच्या शब्दावर विसंबून हे धाडस करते.

नाव व पत्ता सोबत जोडलेल्या ओळखपत्राप्रमाणे. वय चोवीस वर्षे. धंदा नोकरी, काम वेबसाइट तयार करण्याचे. लेखी जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर आईसोबत राहते. आई घरीच शिवणकाम करते. मी ज्या कंपनीत कामाला आहे ती चार माणसांची आहे. आपण ज्यांना आज सकाळपासून बाकावर बसवून ठेवले आहे, ते गृहस्थ एप्रिलपर्यंत त्याच कंपनीत होते. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी आजवर एकाही शाळेत शिकवलेले नाही; कोणी काही विचारले की खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि समजेपर्यंत उठत नाहीत, म्हणून हे नाव पडले. येत्या सोमवारी मात्र ते खरोखरच एका शाळेत संगणक शिकवायला रुजू होणार आहेत. त्याआधी त्यांच्यावर गुन्हा नोंदला गेला तर शाळा त्यांना फाटकातूनच परत पाठवील. ही गोष्ट त्यांनी आपल्याला सांगितली नसणार, म्हणून मी सांगते.

लॅबच्या डॉक्टरांची तक्रार अशी आहे की, आमच्या कंपनीने केलेली त्यांच्या रक्ततपासणीच्या लॅबची वेबसाइट मास्तरांनी नोकरी सोडावी लागल्याच्या रागातून बंद पाडली. या साइटवर रुग्ण आपला मोबाइल नंबर घालून आपला रिपोर्ट पाहतात. आज सकाळी साडेनऊच्या सुमारास तेथे रिपोर्टऐवजी पुढील मजकूर दिसू लागला: "रिपोर्ट दाखवणे आम्ही थांबवले आहे. चूक आमची आहे, तुमची नाही. कृपया लॅबमध्ये फोन करा." लॅबचे डॉक्टर आपल्यासमोर म्हणाले, "साहेब, स्वतःहून चूक कबूल करणारी वेबसाइट पाहिलीय कधी तुम्ही? हे त्या माणसाशिवाय कोणी लिहिणार नाही." यातील दुसरे वाक्य खरे आहे. हा मजकूर मास्तरांचाच आहे. परंतु तो त्यांनी आज लिहिलेला नाही. साइट तयार झाली तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षे, तो तेथे वाट पाहत पडून आहे.

तो तेथे का आहे हे सांगण्यासाठी मास्तरांची काम करण्याची पद्धत सांगणे भाग आहे. आपणही दुपारी विचारले होते, "माणूस कसा आहे हा?" त्याचेही उत्तर यातच येईल.

मास्तरांचे म्हणणे असे की, वेबसाइट वापरणारा माणूस घाईत असतो, काळजीत असतो आणि त्याचा फोन जुना असतो. म्हणून नवीन काम पुरे झाले की ते आमच्या घरी येतात आणि आपला फोन आईच्या हातात देतात. सुईकामामुळे आईच्या बोटांची टोके खरखरीत झाली आहेत, फोनचा पडदा त्यांना एका दमात ओळखत नाही. आमच्या कंपनीची बटणे इतरांपेक्षा मोठी असतात, ती आईमुळे. आई वापरत असताना मास्तर बोलत नाहीत. आई जिथे अडखळेल तिथे चूक आमची, हा नियम. मी एकदा म्हटले होते, "आई, तिथं स्पष्ट लिहिलंय ना." त्यावर मास्तर म्हणाले, "लिहिलं असेल तुझ्यासाठी. तू पहिली येणारी मुलगी, तू औषधाच्या बाटलीवरचंही सगळं वाचतेस." हे खरे आहे.

लॅबची साइट करताना आईनेच विचारले होते, "आणि भलत्याचाच रिपोर्ट आला तर मी कोणाला सांगायचं?" कंपनीचे मालक हसले होते. मास्तर हसले नाहीत. त्यांनी प्रत्येक रिपोर्टच्या खाली एक बटण ठेवले: "हा रिपोर्ट माझा नाही." एका रुग्णाने ते दाबले तर लॅबला निरोप जातो. एका तासात तीन निरनिराळ्या रुग्णांनी दाबले तर साइट सर्वांचेच रिपोर्ट झाकते आणि वर दिलेला मजकूर दाखवते. मालक तेव्हा म्हणाले होते, "असं बटण कोण दाबणार आहे?" मास्तर म्हणाले, "कोणी दाबू नये म्हणूनच ठेवलंय." पुढे सगळे ते विसरले.

मास्तरांचा आणखी एक नियम असा की, शुक्रवारी संध्याकाळी काहीही हलवायचे नाही. शनिवारी कंपनीत फोन उचलायला कोणी नसते आणि रुग्णांना शनिवार-रविवार कळत नाही. डॉक्टरांना लॅबची सगळी माहिती स्वस्तातल्या दुसऱ्या यंत्रावर हलवायची होती. मास्तरांनी दोन आठवडे मागितले. त्यावरून वाद झाला आणि मास्तरांनी नोकरी सोडली. जाताना त्यांनी साइटच्या आपल्या सगळ्या चाव्या, म्हणजे पासवर्ड, माझ्या हातून बंद करून घेतल्या. मला ते बरे वाटत नव्हते. ते म्हणाले, "पोरी, माझ्यावर विश्वास आहे म्हणून दार उघडं ठेवू नकोस. विश्वास आहे म्हणूनच बंद कर. उद्या कोणी विचारलं तर मला मान वर करून सांगता यायला हवं." त्या चाव्या आजही बंद आहेत. आपण कोणाही जाणकाराकडून तपासून घ्यावे.

काल, शुक्रवारी संध्याकाळी, मालकांनी बाहेरच्या एका माणसाकडून ती माहिती हलवून घेतली. त्यात नावे जागेवर राहिली आणि रिपोर्ट एक घर खाली सरकले. म्हणजे प्रत्येकाला आपल्या आधीच्या माणसाचा रिपोर्ट दिसू लागला.

आज सकाळी नऊच्या सुमारास मास्तर आमच्या घरी आले. नव्या शाळेसाठी त्यांनी सुटीचा अर्ज करण्याचे पान बनवले होते आणि ते आईला दाखवायचे होते. आई म्हणाली, "थांबा मास्तर, आधी माझं काम. माझा रिपोर्ट आज येणार होता." ही तपासणी कसली होती ते येथे लिहीत नाही. आम्ही दोघी आठवडाभर तिच्याविषयी बोलत नव्हतो, एवढेच लिहिते.

आईने स्वतःच्या फोनवर रिपोर्ट उघडला. वाचताना तिचा चेहरा आधी खुलला आणि मग ती म्हणाली, "सगळं उत्तम आहे गं. फक्त मी एकसष्ट वर्षांचा पुरुष आहे असं लिहिलंय."

मी फोन घ्यायला हात पुढे केला. आईने दिला नाही. "राहू दे. चांगला आलाय. हाच ठेवू या."

मास्तर चहाचा कप हातात घेऊन बसले होते. ते म्हणाले, "ताई, बटण दाबा."

"चांगला रिपोर्ट आहे हो."

"चांगला आहे, पण तुमचा नाही. आणि ज्याचा आहे त्याच्यासमोर या घटकेला दुसऱ्याच कोणाचा तरी उघडलाय. त्यावर तो औषध बदलायला निघाला असेल."

आईने फोन पुन्हा डोळ्यांजवळ धरला. मग तिने बटण दाबले. पहिल्यांदा ते लागले नाही, तेव्हा तिने बोट पदराला पुसून पुन्हा दाबले. दोन रुग्णांनी तिच्या आधीच दाबलेले असावे, कारण त्याच क्षणी तिच्या फोनवर तो मजकूर आला. आईने तो मोठ्याने वाचला आणि म्हणाली, "अगंबाई, मी बंद पाडली का काय?" मास्तर म्हणाले, "तुम्ही वाचवलीत." बटण कोणत्या नंबरांवरून दाबले गेले याची नोंद यंत्रात असते. तिसरा नंबर आईचा निघेल. तो पडताळून पाहण्यास आईची हरकत नाही.

तात्पर्य, साइट बंद झाली तेव्हा मास्तर आमच्या स्वयंपाकघरात होते. त्यांच्या एका हातात कप होता आणि दुसऱ्या हातात बशी होती.

त्यानंतर मालकांचा मास्तरांना फोन आला. मास्तर अर्धा चहा ठेवून उठले आणि मदत करायला म्हणून आपण होऊन लॅबमध्ये गेले. तेथून डॉक्टरांनी त्यांना ठाण्यात आणले. ठाण्यात आपण त्यांना विचारले, "सकाळी कुठे होतात?" ते म्हणाले, "ओळखीच्यांच्या घरी." "कोणाच्या?" "ते मी सांगणार नाही." तेव्हा मी दाराशी उभी होते. डॉक्टर म्हणाले, "बघा, लपवतोय." आपण काहीतरी लिहून घेतलेले मी पाहिले.

साहेब, ते लपवत नव्हते. आमच्या घरचे नाव घेतले असते तर तेथे काय घडले हेही सांगावे लागले असते आणि आईची तपासणी झाली आहे हे चार माणसांसमोर उघड झाले असते. रुग्णाची माहिती रुग्णाची असते, ती आपल्या सोयीसाठी वापरायची नाही, असे ते मला पहिल्या दिवसापासून शिकवत आले. ती माहिती आपल्या सुटकेसाठीही वापरायची नाही, इतपत अर्थ त्यात असेल असे मला वाटले नव्हते. घरी येऊन मी आईला हे सांगितले. ती मशीन थांबवून म्हणाली, "कमाल आहे या माणसाची. माझी तपासणी काय सरकारी गुपित आहे? लिही तू. बटण मी दाबलं, असं ठळक अक्षरात लिही." ठळक अक्षर जबाबात शोभणार नाही, म्हणून साधेच लिहिते: बटण आईने दाबले.

आणखी एक गोष्ट नोंदवणे माझे कर्तव्य आहे. दुपारी मालकांनी मला फोन करून सांगितले, "ते बटण काढून टाक आणि साइट चालू कर. तुझ्याकडे चावी आहे." मी म्हटले, रिपोर्ट अजून सरकलेलेच आहेत. ते म्हणाले, "अगं, ते सोमवारी बघू. आत्ता लोक फोन करून डोकं खातायत." फोन करावा असेच त्या पानावर लिहिले आहे. मी नाही म्हटले. त्यांना ऐकू गेले नाही, म्हणून पुन्हा म्हटले. ते म्हणाले, "तू पण मास्तरच झालीस." मी आभार मानले आणि फोन ठेवला. सोमवारी माझी नोकरी राहील की नाही ते मला माहीत नाही.

त्यामुळे या क्षणी साइट बंद आहे ती मास्तरांमुळे नव्हे. सकाळी ती आईने बंद केली आणि दुपारपासून मी बंद ठेवली आहे. प्रत्येक रिपोर्ट त्याच्या माणसाकडे परत जाईपर्यंत ती बंदच राहील. आईचा स्वतःचा रिपोर्टही त्यातच आहे. बंद ठेवणे हा गुन्हा असेल तर बाकावर मास्तरांच्या जागी मला बसवावे. मी पुस्तक घेऊन येईन, माझा त्रास होणार नाही.

शेवटची विनंती. मास्तरांचा चष्मा आमच्या टेबलावर राहिला आहे. त्याशिवाय त्यांना हातातला कागदही वाचता येत नाही आणि ते हे कोणाला सांगणार नाहीत. त्यांना वाचायला देऊन कोणत्याही कागदावर सही घेतली असल्यास ती कृपया धरू नये.

हा जबाब मी स्वतः टाइप केला. आईला तो तिच्या फोनवर वाचायला दिला आणि ती मोठ्याने वाचत असताना मी काही बोलले नाही. ती जिथे अडखळली ती वाक्ये मी बदलली. आता तो कुठेही न अडखळता वाचला जातो आणि त्यातील प्रत्येक गोष्ट घडली तशीच आहे.

आई चष्मा घेऊन ठाण्याकडे निघाली आहे. सोबत थर्मासमध्ये चहा आहे. राहिलेला अर्धा.

पाठवला: शनिवार, दिनांक १३ जुलै २०२४, दुपारी ४ वाजून ५२ मिनिटे.