शौनकची सीट

वडील गेल्यावर उरलेली औषधं परत करायला हेमा कसब्यातल्या दवाखान्यात बसली होती. शेजारच्या बाकावर दोन आजोबांची जुंपली होती.

“अहो दशरथराव, शौनक अमेरिकेचा नागरिक असला, म्हणून त्याला इथे मेडिकलला प्रवेश नाही? माझ्या नातवाचं रक्त पुण्याचंच आहे!”

“आणि पोट?”

“ते जरा नाजूक आहे. आला की बाटलीचंच पाणी लागतं.”

“माझी नात आम्रपाली नळाचं पाणी पिऊन दुसऱ्यांदा परीक्षेला बसलीय. तिची सीट याला दिली, तर डॉक्टर होऊन हा इथे राहील?”

“छे हो! प्रॅक्टिस तिकडेच करणार.”

“मग उद्या अंथरुणाला खिळलात, तर तुम्हाला कोण तपासणार?”

“कोण म्हणजे? आपली आम्रपाली आहे की!”