काकाची काळी बियर

काकाच्या काळ्या बियरचं सांगितलं का तुमाला? नववीत होतो तवाची गोष्ट हाय.

गावाकडचं, करकंबचं रान विकल्यापासनं पप्पा आन काका धड बोलत नव्हते. मग एकदा काका पुण्याहून आमच्या जुळे सोलापूरच्या फ्लॅटवर आला, ते ओट्स घालून केलेली काळी स्टाउट बियर घेऊनच. मोठ्या भावाचा राग घालवायचा होता त्याला. मला मात्र गंमत सुचली. मी बियर मोरीत ओतली आन बाटलीत ओट्सचं पाणी, कडक कॉफी, काकवी आन सोडा भरून बूच परत दाबून बसवलं.

संध्याकाळी गच्चीवर काका पप्पांना शिकवायला लागला. "दादा, घाई करू नको. आधी वास घे. मग तोंडात घोळव."

"औषध हाय का काय हे?" पप्पा म्हणाले.

काकानं एक घोट घेतला आन सरळ माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, मेलो. आता माझ्यापायी ही दोघं कायमची तुटणार.

तेवढ्यात पप्पांनी बी घोट घेतला आन डोळे मिटले. "बाळ्या, आपल्या गुऱ्हाळाची चव हाय की रं ही. कढईपाशी बसून बोटं चाटायचो आपन, आठवतंय?"

"आठवतंय की. माझ्या वाटणीची काकवी पन तूच खायचास," काका म्हणाला.

मग आईनं तीनदा जेवायला हाक मारली तरी दोघं उठले न्हाईत.

जाताना काकानं जिन्यात माझा कान धरला. "ओट्स जरा जास्त झालं होतं," एवढंच म्हणाला.

आता तो येताना बाटली रिकामीच आणतो आन गुपचूप माझ्या हातात देतो.